खानदानात स्तनाचा कॅन्सर असेल तर कोणती तपासणी, कोणत्या वयापासून?

भारतात बायकांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये स्तनाचा कॅन्सर आज पहिल्या नंबरवर आहे. २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू, असा जागतिक अंदाज आहे. यातले बहुतेक कॅन्सर खानदानी नसतात. १०० पैकी साधारण ५ ते १० रुग्णांमध्येच तो आई-वडिलांकडून आलेल्या जनुकातल्या बिघाडामुळे होतो. पण ज्या घरात हा बिघाड आहे, तिथल्या मुलींसाठी नेहमीची तपासणी पुरत नाही. त्यांच्यासाठी ही माहिती.

बिघाड नेमका कशात?

दहावीच्या विज्ञानात आनुवंशिकतेचा धडा मुलं शिकतात, तीच ही गोष्ट. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ अशी दोन जनुकं प्रत्येकाच्या शरीरात असतात, पुरुषांच्याही. पेशीतल्या डीएनएची तुटफूट दुरुस्त करणं हे त्यांचं काम. पहिल्या जनुकाचा शोध १९९४ मध्ये लागला, दुसऱ्याचा १९९५ मध्ये. यातलं एखादं जनुक जन्मापासून बिघडलेलं असेल तर त्या बाईला ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता सुमारे ७० टक्के असते. अंडाशयाच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो. शिवाय हा आजार कमी वयात, तिशी-चाळिशीतही येऊ शकतो.

आई किंवा वडील, कुणा एकामध्ये बिघाड असेल तर प्रत्येक मुलामुलीत तो येण्याची शक्यता निम्मी, म्हणजे ५० टक्के. मुलगा असो की मुलगी, हिशोब तोच.

फक्त आईकडचं पाहू नका

इथे बहुतेक घरांत चूक होते. "आईला नव्हता, खालाला नव्हता, मग मला कशाला होईल?" असं म्हटलं जातं. पण फुफीला किंवा दादीला झाला असेल तर तो बिघाड वडिलांमार्फत मुलीपर्यंत येऊ शकतो. वडिलांना स्वतःला काहीच त्रास नसेल, तरीही. चचीचा आजार मात्र मोजायचा नाही, कारण तिचं आपलं रक्ताचं नातं नसतं. ती खानदानातलीच असेल तर मोजायचा.

आपल्याकडे चुलत-मावस नात्यात लग्नं होतात. त्यामुळे हा बिघाड तयार होत नाही. पण नवरा-बायकोचे आजी-आजोबा एकच असतील तर दोघांकडेही तोच बिघाड असू शकतो. दोघांकडे बीआरसीए-२ चा बिघाड असेल तर बाळाला लहानपणीच रक्ताचा गंभीर आजार होण्याचा धोका असतो. म्हणून अशा जोडप्याने मुलं होण्याआधी जनुक सल्लागाराला भेटलेलं बरं.

कुणी सावध व्हावं?

रक्ताच्या नात्यात खालीलपैकी काही असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा:

- ५० च्या आत झालेला स्तनाचा कॅन्सर
- एकाच बाईच्या दोन्ही स्तनांत कॅन्सर
- कोणत्याही वयात अंडाशयाचा कॅन्सर
- पुरुषाला झालेला स्तनाचा कॅन्सर
- एकाच बाजूच्या दोन-तीन नातेवाइकांना स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर
- घरात आधीच कुणाचा बीआरसीए तपासणीचा निकाल सदोष आलेला

हाताची तपासणी कुठपर्यंत पुरते?

सरकारच्या कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी प्रशिक्षित कर्मचाऱ्याकडून हाताने तपासणी करायची असते. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात तो याच कार्यक्रमाचा भाग. ही तपासणी उपयोगी आहे, टाळू नये. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने १९९८ पासून मुंबईतल्या दीड लाखांवर बायकांवर याचा अभ्यास केला. दर दोन वर्षांनी प्रशिक्षित महिला कर्मचारी हाताने तपासायच्या. २०२१ मध्ये निकाल आला: ५० च्या वरच्या बायकांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. ५० च्या आतल्या बायकांत मात्र असा ठोस फायदा दिसला नाही.

आणि खानदानी कॅन्सर तर बऱ्याचदा ५० च्या आतच गाठतो. नेदरलँड्समध्ये जास्त धोक्याच्या १,९०९ बायकांचा अभ्यास झाला, तो २००४ मध्ये छापून आला. त्यात पसरू शकणाऱ्या कॅन्सरपैकी हाताच्या तपासणीत सुमारे १८ टक्के सापडले, मॅमोग्राफीत ३३ टक्के, तर एमआरआयमध्ये जवळपास ८० टक्के. तरुण वयात स्तनाची घडण दाट असते. मॅमोग्राफीच्या चित्रात दाट भागही पांढरा आणि गाठही पांढरी, म्हणून गाठ लपून जाते.

जास्त धोका असेल तर तपासणी अशी

बीआरसीएचा बिघाड असलेल्या बायकांसाठी जगभर साधारण ही पद्धत वापरतात:

- १८ पासून: आपल्या स्तनांची ओळख ठेवणं, बदल दिसला की दाखवणं
- २५ पासून: दर सहा ते बारा महिन्यांनी डॉक्टरांची तपासणी
- २५ ते २९: दरवर्षी एमआरआय
- ३० पासून: दरवर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफी दोन्ही

देशादेशांत वयाचा थोडा फरक आहे, आपलं वेळापत्रक डॉक्टरच ठरवतील. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. शिरेतून एक औषध देतात. पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते चौदाव्या दिवसात तो केला तर चित्र स्पष्ट येतं. गर्भार असाल किंवा बाळाला पाजत असाल तर आधीच सांगा. महिला टेक्निशियन हवी असेल तर नंबर लावतानाच विचारा, त्यात संकोच कसला?

जनुक तपासणी आधी कुणाची?

रक्त किंवा लाळ देऊन ही तपासणी होते. शक्य असेल तर आधी ज्या बाईला कॅन्सर झाला तिचीच करावी. तिच्यात बिघाड सापडला की बाकीच्यांमध्ये नेमका तोच शोधता येतो. ज्या मुलीत तो नाही, तिला दरवर्षीच्या एमआरआयची गरज उरत नाही. कधी कधी निकाल "अर्थ निश्चित नाही" असाही येतो. त्यावरून ऑपरेशनचा निर्णय घ्यायचा नसतो. म्हणून तपासणीच्या आधी आणि नंतर सल्लागाराशी बोलणं जरुरी आहे.

बिघाड असलेल्या काही बायका आधीच दोन्ही स्तन काढून घेतात, त्याने धोका ९० टक्के किंवा त्याहून जास्त कमी होतो. अभिनेत्री अँजेलिना जोली हिने २०१३ मध्ये असं ऑपरेशन केल्याचं जाहीर केलं होतं. ते सक्तीचं नाही. पण अंडाशयाच्या कॅन्सरसाठी भरवशाची तपासणीच नाही, म्हणून मुलं झाल्यावर, साधारण ३५ ते ४५ च्या दरम्यान अंडाशय काढण्याचा सल्ला देतात.

वाशिमहून जायचं कुठे?

सुरुवात जवळच्या ग्रामीण रुग्णालयातून किंवा वाशिमच्या जिल्हा रुग्णालयातून करा आणि पुढची चिठ्ठी घ्या. पुढे अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कॅन्सर रुग्णालय, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कॅन्सर रुग्णालय आणि जामठ्याचं राष्ट्रीय कॅन्सर संस्थान आहे. खानदानी कॅन्सरचं स्वतंत्र क्लिनिक मुंबईत टाटा मेमोरियलकडे आहे. कॅन्सर निघालाच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत इलाज होतो. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा.

रिश्त्यासाठी आजार लपवू नका

"बाहेर कळलं तर मुलींचे रिश्ते होणार नाहीत," म्हणून कारंजा असो की मंगरुळपीर, कितीतरी घरांत फुफीचा आजार "पोटाचा त्रास" म्हणून सांगितला जातो. मोहल्ल्याला सांगायची गरज नाही. पण घरातल्या मुलींना आणि डॉक्टरांना ते माहीत असायलाच हवं. एक कागद घ्या, दोन्हीकडच्या दादा-दादी, नाना-नानीपासून नावं लिहा, कुणाला कोणता कॅन्सर आणि कोणत्या वयात झाला ते समोर लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आज विचारा. ती गेली की ही माहितीही गेली. तो कागद पहिल्याच भेटीत डॉक्टरांपुढे ठेवा.

आणि खानदानात कुणालाच कॅन्सर नसला तरी गाठ, बोंडातून रक्त, आत ओढलेलं बोंड किंवा कातडीवर खळगा दिसला तर त्याच आठवड्यात दाखवा. बहुतेक गाठी साध्याच निघतात, पण ते तपासल्याशिवाय कळत नाही.