जुना कॅमेरा घेताना मेगापिक्सेल नाही, सेन्सर पाहा

दिघोरी (मोठी) : दिवाळीनंतर मंडई अन् झाडीपट्टीची नाटकं, मग लग्नसराई. शूटिंगचं बहुतेक काम रात्रीचं. त्यासाठी जुना डीएसएलआर घ्यायला गेलं की विकणारा आधी मेगापिक्सेल सांगतो. रात्रीचा फोटो मात्र सेन्सर अन् लेन्सवर ठरतो.

सेन्सर म्हणजे लेन्सच्या मागे उजेड झेलणारी चिप. पूर्वी तिथे रोल असायचा. पाऊस सारखाच पडला तरी मोठ्या बांधीत पाणी जास्त साठतं, उजेडाचंही तसंच. बांधीचे तुकडे किती पाडले, ते मेगापिक्सेल. तुकडे वाढले म्हणून पाणी वाढत नाही.

खिशातल्या साध्या डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर असतो. कॅनन ३०००डी अन् १५००डी या दोघांचा २२.३ बाय १४.९, म्हणजे क्षेत्रफळ जवळपास १२ पट. ३०००डी १८ मेगापिक्सेलचा, १५००डी २४.१ चा, सेन्सरचा आकार तोच, त्यामुळे अंधारात फार फरक नाही. निकॉन डी३५०० चा सेन्सर २३.५ बाय १५.६, कॅननपेक्षा दहा टक्क्यांच्या आसपास मोठा. तिन्ही मॉडेल २०१८ ची.

निकॉन डी३००० स्वस्तात मिळाला तरी त्यात जुना सीसीडी सेन्सर आहे. दिवसाचे फोटो छान येतात, पण रात्री आयएसओ वाढवला की दाणे दिसतात. व्हिडिओ तर होतच नाही. लग्नाच्या कामाला तो घेऊ नये.

१८ अन् २४ मेगापिक्सेलच्या फरकासाठी जास्तीचे पैसे मोजण्यापेक्षा एफ/१.८ ची लेन्स घेतलेली बरी. सोबत येणारी १८-५५ लेन्स झूम केल्यावर एफ/५.६ वर जाते, एफ/१.८ तिच्या नऊपटीहून जास्त उजेड आत घेते. डी३५०० ला मात्र 'एएफ-एस' किंवा 'एएफ-पी' लेन्सच पाहावी. जुनी 'एएफ-डी' लावली तर फोकस हातानं करावा लागतो.

पैसे देण्याआधी एफ/१६ वर मोकळ्या आभाळाचा फोटो काढून मोठा करून पाहा. लेन्स बदलूनही त्याच जागी अंधुक काळे ठिपके आले तर सेन्सरवर धूळ आहे, ती साफ होते. प्रत्येक फोटोत एकाच जागी रंगीत रेघ असेल तर व्यवहार करू नका. वरातीतल्या डीजेचा लेझर थेट लेन्समध्ये गेला की सेन्सर असा जळतो, अन् ती रेघ पुसून जात नाही.