पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस

पायोरिया या नावाने परिचित असलेल्या परिदंतशोथ या हिरड्यांच्या रोगातील प्रमुख जीवाणू. दात आणि हिरडी यांच्यामधल्या खोल फटीत, प्राणवायू जवळजवळ नसतो अशा जागी तो राहतो. साखर तो फारशी वापरत नाही. त्याचे पोषण प्रथिनांच्या तुकड्यांवर होते आणि लागणारे लोह तो रक्तातील हीमपासून मिळवतो. सुजलेल्या, रक्ताळलेल्या हिरडीत या दोन्ही गोष्टी मुबलक असतात. म्हणूनच दाह शमणे त्याच्या हिताचे नसते. दाह चालू राहावा, पण पांढऱ्या पेशींनी आपल्याला गिळू नये, अशी दुहेरी सोय त्याला हवी असते.

ती साधण्याचे त्याचे मुख्य हत्यार म्हणजे जिंजिपेन ही प्रथिने तोडणारी एन्झाइमे. रक्तातील सी५ या पूरक प्रथिनाचे तुकडे करून ती सी५ए तयार करतात. एरवी हा रेणू पांढऱ्या पेशींना हल्ल्यासाठी बोलावतो. न्यूट्रोफिल या प्रकारच्या पांढऱ्या पेशीवर मात्र हा जीवाणू सी५एचा ग्राही आणि टीएलआर२ हा ग्राही एकाच वेळी चेतवतो. त्यामुळे जंतू मारण्याचा आदेश पुढे नेणारे मायडी८८ हे प्रथिन पेशीतच नष्ट होते आणि दुसऱ्या मार्गाने दाह मात्र चालू राहतो. पेशी जागी असते, पण भक्षण करीत नाही. याशिवाय, न्यूट्रोफिलना हिरडीकडे खेचणाऱ्या इंटरल्यूकिन-८ या रेणूची निर्मिती तो आवरणपेशींमध्ये दाबतो. उपलब्ध हीमच्या प्रमाणानुसार तो आपल्या बाह्यकवचातील लिपिड-एची रचनाही बदलतो. तिचे एक रूप टीएलआर४ या ग्राहीला चेतवण्याऐवजी अडवते.

जॉर्ज हाजिशेंगालिस व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, की या जीवाणूची संख्या अत्यल्प असली तरी तोंडातील इतर जीवाणूंची वाढ होते आणि जबड्याचे हाड झिजते. जंतुविरहित उंदरांत तो एकटा असताना हाड झिजले नाही. रोगाचा दोष एकट्या जंतूवर टाकणारी जुनी समजूत इथे अपुरी पडते. हाड प्रत्यक्ष झिजवतात त्या शरीराच्याच अस्थिभंजक पेशी, आणि त्यांना चालना मिळते ती टी-पेशींसह दाहात उतरलेल्या पेशींच्या संकेतांतून.

हिरडीरोगातील सर्वच जीवाणूंची रीत अशी आडवळणाची नसते. ॲग्रिगेटिबॅक्टर ॲक्टिनोमायसेटेमकॉमिटन्स हा ल्यूकोटॉक्सिन या विषाने पांढऱ्या पेशी थेट मारतो.

अल्झायमर रोग्यांच्या मेंदूत जिंजिपेन आढळल्याचे संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर मोठा गाजावाजा झाला. जिंजिपेनरोधक अटुझाजिनस्टॅटच्या चाचणीत मात्र मुख्य उद्दिष्टे साध्य झाली नाहीत, हे २०२१ मध्ये जाहीर झाले. हिरड्यांच्या रोगावर आजही पहिला उपचार म्हणजे दंतवैद्याकडून हिरडीखालचे कीटण खरवडून काढून घेणे आणि रोजची स्वच्छता हाच आहे.