ब्रेकची धूळ, नळीने ओढलेलं पेट्रोल आणि उलटी किक : जुन्या गॅरेजमधले मिस्त्री कोणते धोके अंगावर घेत होते?

सातारा-सांगलीकडे आज जुनी बुलेट, जावा किंवा राजदूत दिसली की लोक थांबून फोटो काढतात. पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकींना 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 'व्हीए' मालिकेचा वेगळा नोंदणी क्रमांकही मिळू शकतो. पण या गाड्या रोजच्या वापरात होत्या, तेव्हा त्या चालू ठेवणाऱ्या मिस्त्रींच्या फुप्फुसात, कातडीत आणि रक्तात काय जात होतं, याची चर्चा फारशी होत नाही.

गाड्या कोणत्या होत्या?

बुलेट 1955 पासून मद्रासमध्ये तयार होऊ लागली. आधी ती सैन्यासाठी मागवली गेली होती. त्यामुळे घराघरात फौजी असलेल्या सातारा जिल्ह्यात तिचं आकर्षण वेगळंच. 1961 मध्ये म्हैसूरला जावाचं उत्पादन सुरू झालं आणि पुढे तीच येझदी झाली. एस्कॉर्ट्सची राजदूत मूळच्या पोलंडच्या गाडीवर बेतलेली. दुधाच्या किटल्या अडकवून खेड्यातून शहरात येणारी गाडी म्हणून ती लोकांच्या लक्षात राहिली. साताऱ्यात तर 1975 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यातून 'प्रिया' स्कूटर बाहेर पडायची.

या गाड्यांना देखभाल भरपूर लागायची. पॉइंट साफ करणं, कार्बन काढणं, ब्रेकचं लायनर बदलणं ही कामं सतत निघायची. त्यात यवतेश्वर, पसरणी, खंबाटकी असे घाट. उतारावर ड्रम तापायचे आणि लायनर लवकर झिजायचं.

ब्रेकच्या धुळीत काय होतं?

जुन्या ब्रेक लायनरमध्ये, क्लच प्लेटमध्ये आणि इंजिनच्या काही पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ते उष्णता सहन करतं, स्वस्त पडतं आणि टिकतं. पण त्याचे अतिसूक्ष्म तंतू श्वासातून फुप्फुसात गेले की तिथेच रुतून बसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्बेस्टॉसच्या सगळ्या प्रकारांना माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे.

गॅरेजमधली पद्धत अशी, की ड्रम उघडायचा आणि आतली धूळ फुंकर मारून किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची. ब्रेकच्या उष्णतेने बरेच तंतू मोडतात, त्यामुळे मेकॅनिकना नेमका किती धोका होता यावर अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत. मात्र नवं लायनर ड्रमला बसावं म्हणून ते कानशीने किंवा पॉलिश पेपरने घासताना ताजे तंतू मोकळे होतात, आणि तिथे उष्णतेचा हा मुद्दा लागू पडत नाही.

खरी अडचण वेळेची आहे. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारे आजार अनेकदा 20 ते 40 वर्षांनी दिसतात. विशीत लायनर घासणाऱ्याला साठीत दम लागला, तर त्याचा संबंध गॅरेजशी जोडणार कोण? तंबाखू, बिडी किंवा वय यांच्याच खात्यावर तो जमा होतो.

पेट्रोलने हात धुण्याची सवय

ग्रीसने काळे झालेले हात पेट्रोलने धुणं, कार्ब्युरेटर पेट्रोलच्या डब्यात बुडवून बोटांनीच साफ करणं हे सर्रास चालायचं. भारतात शिसंयुक्त पेट्रोलची विक्री 1 फेब्रुवारी 2000 पासून पूर्ण थांबली. त्याआधीच्या पेट्रोलमध्ये मिसळलेलं शिशाचं संयुग कातडीतूनही शरीरात शिरू शकायचं. इंजिनचं हेड उघडून खरवडलेल्या काजळीतही शिसं असायचं. याशिवाय पेट्रोलमध्ये बेंझिन असतं आणि त्याचा रक्ताच्या कर्करोगाशी संबंध सिद्ध झालेला आहे. बीएस-6 पेट्रोलमध्ये त्याची मर्यादा 1 टक्का आहे. जुन्या काळी ते जास्त असायचं.

टाकीत नळी घालून तोंडाने पेट्रोल ओढणं हा आणखी एक प्रकार. पेट्रोल पोटात जाण्यापेक्षा श्वासनलिकेत जाणं जास्त घातक. थोडंसं गेलं तरी फुप्फुसाला सूज येऊ शकते. म्हणूनच पेट्रोल गिळलेल्या माणसाला उलटी करायला लावू नये, तडक दवाखान्यात न्यावं.

क्षणात होणारे अपघात

काही धोके वर्षानुवर्षं वाट पाहत नाहीत.

- टाकीचं वेल्डिंग : भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची. आत उरलेली वाफ हवेत मिसळते आणि ठिणगी पडताच स्फोट होतो. जाणते मिस्त्री टाकी नीट धुऊन, पाण्याने भरून मगच ज्योत लावायचे.
- उलटी किक : जुन्या बुलेटचं टायमिंग पुढे गेलेलं असेल, तर किक जोरात उलटी येते आणि घोटा किंवा नडगी दुखावते. म्हणून आधी डीकॉम्प्रेशन लिव्हर दाबून, अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर आणून मग किक मारायची रीत होती.
- चालती चेन : स्टँडवर गाडी गिअरमध्ये फिरवत चेन पुसताना बोट स्प्रॉकेटमध्ये सापडतं.
- बंद शटर : पावसाळ्यात शटर ओढून इंजिन चालू ठेवलं, तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही.
- बॅटरी : चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो. जवळ ठिणगी पडली की बॅटरी फुटून अ‍ॅसिड तोंडावर उडतं.

कायदा कुठे होता?

शिशाची विषबाधा, बेंझिनची विषबाधा आणि अ‍ॅस्बेस्टोसिस हे तिन्ही आजार 1948 च्या कारखाने कायद्यातल्या 'कळवणं बंधनकारक' अशा आजारांच्या यादीत होते. पण मूळ कायदा वीज वापरणाऱ्या ठिकाणी किमान 10 कामगार असतील तरच लागू व्हायचा. एक मिस्त्री आणि हाताखाली दोन पोरं, एवढंच मनुष्यबळ असलेलं गॅरेज त्यात बसतच नव्हतं.

27 जानेवारी 1995 ला सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगातल्या कामगारांच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान 40 वर्षं किंवा काम सुटल्यावर 15 वर्षं, यातलं जे नंतर येईल तोपर्यंत ठेवायला सांगितलं. अ‍ॅस्बेस्टॉसचा माल बनवणाऱ्या कारखान्यांसाठी हा मोठा निर्णय होता. तोच माल बसवणाऱ्या मिस्त्रीची मात्र नोंदच कुठे नव्हती. हाताखालच्या पोरांचं म्हणाल, तर 14 वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यावर सरसकट बंदी 2016 च्या दुरुस्तीने आली. त्यातही घरच्या धंद्यात शाळा सांभाळून मदत करण्याला सूट आहे, फक्त काम धोक्याचं नसावं.

आज जुनी गाडी उघडताना

जुन्या साठ्यातले लायनर आणि पॅकिंग आजही बाजारात मिळतात. त्यामुळे जुन्या गाडीच्या ब्रेकमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस आहे असं धरूनच काम करावं. धूळ हवेने उडवू नये. ती पाण्याने ओली करावी, ओल्या फडक्याने पुसावी आणि फडकं पिशवीत बांधून टाकावं. साध्या रुमालाऐवजी पी-100 फिल्टरचा मास्क वापरावा. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत, कारण तंतू कपड्यांवरून घरात येतात. पेट्रोलचं काम हातमोजे घालून, उघड्यावर करावं.

आणि ज्यांनी आयुष्यभर हे काम केलं, त्यांनी दम किंवा जुना खोकला घेऊन डॉक्टरकडे जाताना एक वाक्य आवर्जून सांगावं : "मी इतकी वर्षं गॅरेजमध्ये ब्रेकचं काम केलंय." डॉक्टरांना तपासणीची दिशा त्यातूनच मिळू शकते.