पहिल्या पुस्तकाची सावली : ‘कोसला’, ‘हिंदू’ आणि वाचकांचा न्याय

थ्रेड 🧵

१/
एखाद्या मुरलेल्या रॅपरचा नवा अल्बम आला की तासाभरात निकाल जाहीर होतो : ‘पहिल्यासारखा नाही.’ न्यूयॉर्कच्या नासने १९९४ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, ‘इलमॅटिक’ काढला आणि त्यानंतरचा त्याचा प्रत्येक अल्बम त्याच मापाने मोजला गेला. सर्वोत्तम रॅप अल्बमचे ग्रॅमी त्याला पहिल्यांदा मिळाले ते २०२१ मध्ये, ‘किंग्ज डिझीज’साठी. असाच एक खटला मराठीतही उभा राहिला. त्याचे मूळ गाव जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात आहे.

२/
आधी खानदेशाचे एक दुर्दैव लक्षात घेऊ. धरणगावचे बालकवी ठोमरे १९१८ मध्ये भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तावीस होते. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांच्या गाण्यांचे पुस्तक १९५२ मध्ये आले. एकाला उत्तरायुष्य लाभले नाही, दुसरीला आपले पुस्तक पाहायला मिळाले नाही. ‘तुमचे आधीचे अधिक चांगले होते’ हे वाक्य ऐकण्याची वेळ दोघांवरही आली नाही.

३/
ती वेळ आली भालचंद्र नेमाडे यांच्यावर. जन्म १९३८, गाव यावल तालुक्यातले सांगवी. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मधल्या काळ्या जमिनीत केळीचे मळे, असा हा मुलूख. तिथून शिक्षणासाठी पुण्याला गेलेल्या या तरुणाने पंचविसाव्या वर्षी एक कादंबरी झपाट्याने लिहून काढली. १९६३ मध्ये पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने ती प्रसिद्ध केली. तीच ‘कोसला’.

४/
तिचा नायक पांडुरंग सांगवीकर. त्याच्या आडनावातच त्याचे गाव आहे. बापाच्या पैशावर तो पुण्यात शिकतो, वसतिगृहात आणि मेसमध्ये नाना उद्योग करतो, अपयशी ठरतो आणि गावी परततो. मधल्या काळात धाकटी बहीण मनी देवीच्या साथीत जाते. तो भाग आणि त्यानंतरची अजिंठ्याची भेट वाचून गप्प न बसलेला वाचक विरळाच. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे दोन साधे शब्द या कादंबरीमुळे एका पिढीच्या तोंडी बसले.

५/
हे पुस्तक कोणत्या हवेत आले, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये. चारच वर्षांपूर्वी, १९५९ मध्ये, वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ प्रसिद्ध झाली होती. आखीव कथानक, सुभाषितांनी नटलेली भाषा आणि उदात्त प्रश्न हे प्रतिष्ठित कादंबरीचे रूप होते. दुसरीकडे लघुनियतकालिकांची चळवळ आकार घेत होती. नेमाडे त्याच पिढीतले, ‘वाचा’ या अनियतकालिकाशी जोडलेले. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले होते आणि शेतकऱ्यांची मुले मोठ्या संख्येने शहरातल्या महाविद्यालयांत येऊ लागली होती. पांडुरंग हा त्यांचा आवाज होता.

६/
म्हणूनच ‘कोसला’ सर्वांना एकदम मान्य झाली, हा समज खरा नाही. प्लॉट नाही, नायकाला ध्येय नाही, भाषा विस्कळीत आहे, असे आक्षेप तेव्हाही होते. आज ज्याला आपण निर्विवाद अभिजात म्हणतो, ते पुस्तक एके काळी वादाचा विषय होते. हा मुद्दा गाठीशी ठेवा, पुढे लागेल.

७/
पुढे १९७५ मध्ये ‘बिढार’ आली, १९७७ मध्ये ‘जरीला’, १९७९ मध्ये ‘झूल’. ‘हूल’सह या मालिकेला चांगदेव चतुष्टय म्हणतात. चांगदेव पाटील हा इंग्रजीचा प्राध्यापक. गावोगावची महाविद्यालये, त्यांतले राजकारण, जातीचे हिशेब, भाड्याच्या खोल्या आणि बदलती बिऱ्हाडे हे त्याचे जग. अनेक चाहते मात्र चांगदेवात पांडुरंगच शोधत राहिले. वसतिगृहातला बेफिकीर मुलगा आता नोकरी सांभाळणारा माणूस झाला होता आणि ही वाढ काहींना तोटा वाटली.

८/
त्यानंतर कादंबरीकार नेमाडे सुमारे तीन दशके गप्प राहिले. समीक्षक नेमाडे मात्र बोलत होते. १९८० च्या दशकात त्यांनी देशीवादाची मांडणी केली. साहित्य आपल्या भूमीतून, आपल्या भाषेच्या परंपरेतून उगवावे आणि पाश्चात्त्य मापांनी मोजले जाऊ नये, हा तिचा गाभा. लघुकथेपेक्षा कादंबरीचा पट मोठा, म्हणून समाज पेलण्याची ताकद तिच्यात अधिक, असेही ते आग्रहाने सांगत. ‘टीकास्वयंवर’ या समीक्षाग्रंथाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

९/
मौनाच्या या काळात ‘हिंदू’ नावाची महाकादंबरी लिहिली जात असल्याची चर्चा वाढत गेली. अखेर २०१० मध्ये पॉप्युलर प्रकाशनाने ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ प्रसिद्ध केली. ‘कोसला’ आणि ‘हिंदू’ यांच्यात सत्तेचाळीस वर्षांचे अंतर. महाविद्यालयात ‘कोसला’ वाचून भारावलेला वाचक ‘हिंदू’ हाती घेईपर्यंत निवृत्त झाला होता.

१०/
‘हिंदू’चा नायक खंडेराव पुरातत्त्वाचा संशोधक आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननावर असताना वडील अखेरच्या घटका मोजत असल्याची बातमी येते आणि तो आपल्या मोरगावकडे निघतो. या प्रवासात त्याच्या मनात सारा गाव उभा राहतो : कुणबिकी, वाटण्या, बायकांची सुखदुःखे, जातिजातींचे संबंध, भटक्यांचे तांडे, खानदेशी बोली. ‘कोसला’ एका मुलाची आत्मकथा होती. इथे गावाचे, आणि गावाच्या आडून एका संस्कृतीचे, उत्खनन आहे.

११/
निकाल ठरल्यासारखा आला. काहींनी या पटाला दाद दिली. काही म्हणाले : पसरट आहे, उपकथा फार, लेखक मधूनच व्याख्यान देतो, ‘कोसला’तली धग नाही. या आक्षेपांत तथ्य नाही असे नव्हे. काही ठिकाणी विचारवंत नेमाडे कादंबरीकार नेमाड्यांचा हात धरून चालतात, हे कोणाही सावध वाचकाला जाणवते. पण ‘कथानक नाही, विस्कळीत आहे’ ही तक्रार आपण आधी कुठे ऐकली? सहाव्या पोस्टमध्ये. १९६३ चा आक्षेप २०१० मध्ये परतला होता. या वेळी तो घेणाऱ्यांत ‘कोसला’चे चाहतेही होते.

१२/
इथे इतिहासाची शिस्त कामी येते. एखादे साधन तपासताना आपण विचारतो : हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले, कोणत्या स्थितीत लिहिले? वाचकाच्या मताला हेच प्रश्न का विचारू नयेत? ‘कोसला’ श्रेष्ठ ठरवणाऱ्या अनेकांनी ती विशीत वाचली होती, घरापासून दूर, परीक्षेच्या भीतीत, रिकाम्या खिशाने. त्या पुस्तकाच्या आठवणीत त्यांचे स्वतःचे तारुण्य मिसळलेले आहे. पन्नाशीतल्या वाचकाला ते तारुण्य कोणतेही नवे पुस्तक परत देऊ शकत नाही.

१३/
दुसरी चूक मधली पायरी वगळण्याची. १९६३ आणि २०१० समोरासमोर ठेवले की नेमाडे बदलले असे दिसते. मध्ये चांगदेव आणि देशीवादाचे निबंध ठेवले की वाट स्पष्ट होते. व्यक्तीकडून संस्थेकडे, संस्थेकडून समाजाकडे, समाजाकडून संस्कृतीकडे. ज्याने समाज पेलणारी कादंबरी हवी असे लिहून ठेवले, त्याच्या ‘हिंदू’ने समाज पेलला का, हे विचारणे न्याय्य आहे. तिने पांडुरंगाचे लहान दुःख पुन्हा का सांगितले नाही, हे विचारणे न्याय्य नाही.

१४/
आणि धागा तुटलेलाही नाही. ‘कोसला’त एक मुलगा शहरात हरून बापाच्या गावी परततो. ‘हिंदू’त एक मुलगा बापाच्या मृत्यूसाठी गावी परततो. बाप, घर, शेती, वारसा आणि त्यापासून पळू पाहणारा शिकलेला मुलगा ही एकच गाठ दोन्हीकडे आहे. पंचविशीत लेखकाने ती मुलाच्या बाजूने पाहिली. सत्तरीत त्याला तीत पिढ्यांचे थर दिसले. सांगवीतून बाहेर पडलेला लेखक सांगवीच खोलवर खणत राहिला.

१५/
इतिहासाचा विनोद पाहा. २०१४ चा ज्ञानपीठ पुरस्कार नेमाड्यांना जाहीर झाला. खांडेकर, कुसुमाग्रज आणि विंदा करंदीकर यांच्यानंतर हा मान मिळालेले ते चौथे मराठी साहित्यिक. मराठीतले पहिले ज्ञानपीठ १९७४ चे, खांडेकरांचे. ज्या ‘ययाति’च्या वळणाला ‘कोसला’ने पाठ दाखवली, तिच्याच लेखकाच्या पंगतीत बंडखोर येऊन बसला. बंड जुने झाले की त्यालाच परंपरा म्हणतात, आणि पुढचे बंड मोजायला तिचीच फूटपट्टी वापरली जाते.

१६/
तेव्हा मित्रहो, आवडत्या कलावंताचे नवे काम हाती आले की ‘पहिल्यासारखे आहे का?’ हा प्रश्न जरूर विचारा, कारण प्रेमातूनच तो येतो. पण त्याच्या सोबतीला दोन प्रश्न ठेवा. ‘पहिले’ आले तेव्हा त्याच्याविषयी लोक काय बोलत होते? आणि पहिले वाचताना, ऐकताना मी कोण होतो? ‘कोसला’ विशीत वाचलेल्यांनी ती आज पुन्हा वाचावी, आणि ‘हिंदू’ अर्धी सोडलेल्यांनी तिला दुसरी संधी द्यावी. निकाल बदलला तर खाली जरूर लिहा. न बदलला तरी लिहा, कारणांसह.