रेणूंचे आजोळ आकाशात

२०११ साली ऑक्सफर्ड विद्यापीठातील शेमस होल्डन, श्टेफान उफॉफ व अखिलेफ्स कापानिडिस यांनी दाटीवाटीच्या रेणूंची स्थाने सुटी काढणारी एक गणनपद्धती प्रसिद्ध केली आणि तिला ‘डाओस्टॉर्म’ असे नाव दिले. या नावातील ‘डाओ’ ही कॅनडातील डोमिनियन ॲस्ट्रोफिजिकल ऑब्झर्व्हेटरी या वेधशाळेची आद्याक्षरे होत. तेथे पीटर स्टेट्सन यांनी तारकागुच्छांतील एकमेकांवर चढलेल्या ताऱ्यांचे तेज मोजण्यासाठी रचलेली आणि १९८७ साली प्रसिद्ध केलेली ‘डाओफॉट’ ही आज्ञावली या संशोधकांनी रेणूंसाठी जुळवून घेतली होती. अतिविभेदन सूक्ष्मदर्शन, म्हणजे साध्या सूक्ष्मदर्शकाला सुटे करता न येणारे तपशील दाखवणारे तंत्र, प्रकाशशास्त्राच्या कुळात जन्मले असे मानण्याचा प्रघात आहे. पण त्याची एकेक रेणू टिपणारी शाखा तरी खगोलशास्त्राला आपले आजोळ म्हणू शकते, असा दावा या उसनवारीवरून करता येतो.

परिचित इतिहास थोडक्यात सांगता येतो. प्रकाशाच्या तरंगलांबीच्या सुमारे निम्म्याहून, म्हणजे साधारण २०० नॅनोमीटरहून, जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत, ही मर्यादा येना येथे एर्न्स्ट आबे यांनी १८७३ साली मांडली. तिला वळसा घालण्याच्या युक्त्यांबद्दल श्टेफान हेल, विल्यम मोर्नर व एरिक बेट्झिग यांना २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

दाव्याचा खरा आधार मात्र १८३८ सालचा आहे. क्योनिग्सबर्ग येथे फ्रीडरिख बेसेल यांनी हंस तारकासमूहातील ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचा पराशय, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्यामुळे त्याच्या जागेत भासणारा फरक, ०.३१ विकला इतका ठरवला. विकला हा अंशाचा ३६०० वा भाग होय. त्यांच्या हेलिओमीटरचे वस्तुभिंग जेमतेम १६ सेंटिमीटर व्यासाचे असून मधोमध चिरलेले होते, आणि त्याचे एक अर्ध स्क्रूने सरकवून एका ताऱ्याची प्रतिमा शेजारच्या ताऱ्याच्या प्रतिमेवर आणायची व स्क्रू किती फिरला यावरून अंतर काढायचे, अशी ती रीत होती. एवढ्या भिंगातून दिसणाऱ्या ताऱ्याच्या ठिपक्याची त्रिज्या विवर्तनामुळे, म्हणजे भिंगाच्या कडांशी प्रकाश पसरत असल्यामुळे, किमान ०.९ विकला भरते, आणि हवेच्या थरथरीने तो ठिपका आणखी फुगतो. म्हणजे आबे यांच्या ३५ वर्षे आधी बेसेल यांनी ठिपक्याच्या त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी हालचाल पकडली होती. आजचे मान ०.२९ विकलेच्या आसपास आहे.

ठिपका कितीही पसरट असो, तो एकाच बिंदूचा आहे हे ठाऊक असले की त्याचा मध्य त्याच्या रुंदीपेक्षा कितीतरी नेमकेपणाने सांगता येतो, हे यामागचे तत्त्व. आदर्श स्थितीत मध्यातील अनिश्चितता ही ठिपक्याच्या रुंदीला गोळा झालेल्या फोटॉनांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागून मिळते: रुंदी १०० नॅनोमीटर आणि फोटॉन १०० असतील तर १० नॅनोमीटर, फोटॉन १०,००० असतील तर १ नॅनोमीटर.

या दाव्याला प्रतिस्पर्धी आहे, आणि तो दुबळा नाही. १९९४ साली बेल प्रयोगशाळेतील हॅरल्ड हेस, बेट्झिग व सहकाऱ्यांनी अतिशीत अर्धवाहकातील प्रकाशणारी केंद्रे त्यांच्या रंगांतील सूक्ष्म फरकावरून सुटी केली होती, आणि बिंदू आधी एखाद्या गुणधर्माने वेगळे करावेत, मग प्रत्येकाचा मध्य शोधावा, ही बेट्झिग यांची १९९५ ची कल्पना त्यातूनच निघाली. त्या उगमात तारे कुठेच नाहीत. शिवाय पेशीत एका ठिपक्याएवढ्या जागेत शेकडो रेणू एकदम प्रकाशत असतील, तर मध्य तरी कोणाचा काढायचा? तारे विझवता येत नाहीत, रेणू येतात. जेलीफिशपासून मिळालेल्या हिरव्या प्रतिदीप्त प्रथिनाचा एकेक रेणू विझतो व जांभळ्या प्रकाशाने पुन्हा पेटतो, हे मोर्नर व सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवले, आणि २००२ साली जॉर्ज पॅटरसन व जेनिफर लिपिंकॉट-श्वार्ट्झ यांनी इच्छेनुसार पेटवता येणारे त्याचे रूप घडवले. हे प्रथिन कळताच बेट्झिग व हेस यांनी हेस यांच्या ला होया येथील घराच्या दिवाणखान्यात नवे उपकरण जुळवले; मूठभर रेणू पेटवायचे, त्यांचे मध्य नोंदवायचे, ते निकामी झाले की पुढचे मूठभर पेटवायचे आणि अशा हजारो चित्रांतून एक नकाशा रचायचा, ही पद्धत २००६ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी झुआंग शियाओवेई यांच्या गटाने ‘स्टॉर्म’ या नावाने तिचे भावंड म्हणावे अशी पद्धत मांडली, आणि ‘डाओस्टॉर्म’चा उत्तरार्ध तिच्यातून आला.

तेव्हा पितृकुळ वर्णपटशास्त्राचे, हे मान्य करणे भाग आहे. मध्य काढण्याचा संस्कार मात्र आजोळचा, आणि तो बहुधा सीसीडी कॅमेऱ्यांबरोबर सूक्ष्मदर्शकापर्यंत पोहोचला असावा, कारण त्या कॅमेऱ्यांवर अंधुक ठिपके मोजण्याची सवय वेधशाळांनी आधी अंगी बाणवली होती. या वंशावळीवरून एक निवाडा मात्र निश्चित देता येतो: ‘आबे यांची मर्यादा मोडली’ हे सर्रास केले जाणारे विधान या शाखेपुरते तरी चुकीचे आहे, कारण तिच्या प्रत्येक चित्रातील प्रत्येक ठिपका आजही आबे यांच्या सूत्राप्रमाणे सुमारे २०० नॅनोमीटर रुंदच असतो.