ताऱ्याच्या भट्टीतील धूळ

अणुसंमीलनाचा इतिहास बहुधा तापमानाच्या विक्रमांतून सांगितला जातो. या थ्रेडमध्ये तोच इतिहास केराच्या बाजूने पाहू.

१९२४. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत अर्विंग लँगम्यूर व सहकाऱ्यांना आर्गॉन वायूच्या विद्युत-विसर्जनात चमकत्या रेघा सरकताना दिसल्या. कारण होते ऋणाग्रावरून उडालेले टंगस्टनचे सूक्ष्म कण. गंमत अशी, की 'प्लाझ्मा' हे नाव लँगम्यूर यांनीच दिले, पण त्यानंतर चार वर्षांनी. बारशापूर्वीच घरात धूळ शिरली होती!

प्लाझ्मातील इलेक्ट्रॉन हलके, म्हणून चपळ. कणावर आधी तेच आदळतात आणि कण ऋणभारित होतो. मग वाहते आयन त्याला रेटतात. टोकामॅकमध्ये गुरुत्वाकर्षणाला फारसे कोणी विचारत नाही. कण सेकंदाला शंभर मीटरहूनही अधिक वेगाने धावतात, तापतात, त्यांची वाफ होते आणि ती अशुद्धी प्लाझ्माला थंड करते. जपानच्या 'एलएचडी' यंत्रातील काही दीर्घ प्रयोग कार्बनच्या धुळीनेच बंद पाडले.

खरे नाट्य मात्र इंग्लंडमधील 'जेट' यंत्रात घडले. १९९७ साली त्याने १६ मेगावॅट संमीलन-शक्तीचा विक्रम केला. आतल्या फरशा कार्बनच्या. कार्बन वितळत नाही, म्हणून तो सर्वांचा लाडका. पण हायड्रोजनची भावंडे त्याला रासायनिक रीतीने कुरतडतात. सुटलेला कार्बन आडोशाच्या थंड कोपऱ्यांत इंधनासह साचतो आणि पुढे त्याचे पापुद्रे निघतात. सुमारे ३५ ग्रॅम ट्रिटियम आत सोडले गेले. सफाईनंतरही सुमारे ६ ग्रॅम आतच राहिले. हा वायू किरणोत्सारी, अर्धायुष्य १२.३ वर्षे.

सहा ग्रॅम किरकोळ वाटतील. परंतु फ्रान्समध्ये उभारल्या जाणाऱ्या 'ईटर'च्या पात्रात फार तर १ किलो ट्रिटियम आणि १००० किलो धूळ, एवढीच मुभा ठरली. कार्बनची भिंत असती तर ट्रिटियमची मर्यादा फार लवकर गाठली गेली असती. माझ्या मते कार्बनयुगाचा निकाल विक्रमांनी नव्हे, या हिशोबाने लावला.

२००९ ते २०११ दरम्यान जेटमधील कार्बन उतरवून बेरिलियम व टंगस्टन बसवले गेले. आत अडकणारे इंधन दहापटीहून अधिक घटले. पण बेरिलियमची धूळ श्वासावाटे गेल्यास विषारी. २०२३ मध्ये ईटरने भिंतीसाठी तेही सोडून टंगस्टनची वाट धरली. त्याचा जड अणू गाभ्यात पोहोचला, तर अत्यल्प प्रमाणातही प्लाझ्माची उष्णता हिरावून घेतो. म्हणून आता कॅमेऱ्यांची नजर टंगस्टनच्या कणांवर आहे.