संकलकाची मूळ संहितेपासून बांधणी

संकलकाची मूळ संहितेपासून बांधणी : आज्ञावली-भाषेत लिहिलेल्या मजकुराचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीस संकलक (कंपायलर) म्हणतात. संकलक ही स्वतःही आज्ञावलीच असल्याने तिची मूळ संहिता रूपांतरित करण्यास आधी दुसरा संकलक लागतो. कोंबडी आधी की अंडे, या कोड्यासारखी ही अडचण असून तिच्या निरसनाचा इतिहास मुक्तस्रोत चळवळीच्या इतिहासाशी निगडित आहे.

इतिहास : आयबीएम ७०४ या संगणकासाठी १९५७ मध्ये तयार झालेला फोरट्रानचा संकलक त्या यंत्राशीच जखडलेला होता. यूनिक्स ही प्रचालन प्रणाली १९७३ मध्ये सी भाषेत नव्याने लिहिली गेल्यावर एकच संहिता निरनिराळ्या यंत्रांवर नेणे सुकर झाले. मात्र संकलकाची संहिता सामान्यतः उत्पादकाच्या ताब्यात राही. रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. त्यातील जीसीसी हा संकलक १९८७ मध्ये संहितेसह प्रसृत झाला. सन कंपनीने सोलॅरिस २ पासून संकलक वेगळा विकण्यास प्रारंभ केल्यावर अनेकांनी जीसीसीचा आश्रय घेतला. परंतु यंत्रावर संकलकच नसल्याने त्याची पहिली प्रत दुसरीकडून तयार स्वरूपात आणावी लागे.

महाराष्ट्रातही १९८३ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या सहकारी साखर कारखानदारीच्या पट्ट्यात लोणी, संगमनेर व कोपरगाव येथे त्या वर्षी अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. पुढे तेथे संगणक अभियांत्रिकीचे अध्यापन सुरू झाले. ग्रामीण भागातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने संकलक विनामूल्य मिळणे ही मोठी सोय होय. परंतु त्याची संहिता वाचून, बदलून तो स्वतः बांधता येणे हा त्याहून मोठा लाभ होय. हे ज्ञान पद्धतशीरपणे देण्याचे काम पवई (मुंबई) येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील जीसीसी रिसोर्स सेंटरने केले. केंद्राच्या २०११ मधील कार्यशाळेत संकलकाचा विन्यास व बांधणी हा स्वतंत्र विषय होता.

पद्धती : प्रथम विन्यास-आज्ञावली संगणकाची तपासणी करते. संकलक कोणत्या यंत्रावर बांधावयाचा, कोणत्या यंत्रावर चालवावयाचा आणि त्याने कोणत्या यंत्रासाठी संकेत निर्माण करावयाचे, या तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. त्या भिन्न असू शकतात. नंतरची बांधणी तीन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात उपलब्ध संकलकाकडून नव्या संकलकाची संहिता रूपांतरित करतात. दुसऱ्या टप्प्यात या नव्या संकलकाकडून तीच संहिता पुन्हा रूपांतरित करतात व तिसऱ्या टप्प्यात दुसऱ्यातून निघालेल्या संकलकाकडून. दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यांची निष्पत्ती तंतोतंत जुळली, तरच बांधणी ग्राह्य ठरते.

प्रचालन प्रणालीनुसार अडचणी बदलतात. लिनक्सवर आवश्यक साधने सहज मिळतात. मॅकओएसवर जीसीसी या नावाने दिलेली आज्ञा प्रत्यक्षात क्लँग हा वेगळा संकलक चालविते. विंडोजवर यूनिक्ससारखे वातावरण मुळात नसल्याने ते सिग्विन किंवा एमसिस२ यांद्वारे उभारावे लागते. शिवाय २०१३ मधील ४.८ या आवृत्तीपासून जीसीसीच्या बांधणीस सी++ चा संकलक लागतो. त्यामुळे जुन्या यंत्रांवर कधीकधी आधी जुनी आवृत्ती व तिच्या साहाय्याने नवी, अशा पायऱ्या चढाव्या लागतात.

विश्वासार्हता : संहिता खुली असली, म्हणजे संकलक निर्दोष असतो असे नाही. केन टॉम्प्सन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पारितोषिक व्याख्यानात दाखविले की, संकलकात दडविलेली फसवी आज्ञा संहितेतून पुसली, तरी जुन्या संकलकामार्फत ती प्रत्येक नव्या प्रतीत उतरू शकते. तीन टप्प्यांच्या तुलनेत ती उघडकीस येत नाही. डेव्हिड व्हीलर यांनी २००५ मध्ये यावर उपाय सुचविला : स्वतंत्रपणे तयार झालेल्या दुसऱ्या संकलकाकडून तीच संहिता बांधावी, तिच्याकडून ती पुन्हा रूपांतरित करवावी आणि निष्पत्तीची मूळ संकलकाशी तुलना करावी. ग्विक्स प्रकल्पाने २०२३ मध्ये केवळ ३५७ बाइटांच्या बीजापासून टप्प्याटप्प्याने जीसीसीपर्यंतची साखळी उभारली. एवढे लहान बीज मनुष्य स्वतः वाचून तपासू शकतो. तयार प्रत उतरवून घेणे सोपे असतानाही संहितेपासून बांधणी करण्याचे महत्त्व टिकून आहे, ते या पडताळणीमुळे.